दिवसाचं ऊन रात्रीच्या गाडीला : विद्युत नियामक आयोगाच्या अध्यक्षांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
मुंबई



आमच्या सोसायटीत रोज पहाटे एक मुलगा दूध टाकायला येतो. दूध झालं की नऊपासून पार्सलं पोचवतो आणि रात्री साडेदहा-अकराला घरी जातो. दोन वर्षांपूर्वी त्याने हप्त्यावर विजेची स्कूटर घेतली. पेट्रोलचा रोजचा खर्च वाचला, त्यातून हप्ता निघतो, असं त्याचं गणित आहे आणि ते बरोबर आहे. मध्यंतरी तो मला म्हणाला, “काकू, दिवसा वीज स्वस्त होणार म्हणतात. पण दिवसा माझी गाडी थांबते कुठे?”

मी सव्वीस वर्षं तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवली. सध्या सोसायटीची खजिनदार आहे, त्यामुळे विजेची बिलं माझ्याच हातून जातात. तरीही त्याला मला पटकन उत्तर देता आलं नाही. हे पत्र त्या प्रश्नासाठी आहे, आणि ते आपल्याला लिहिते आहे, कारण त्याचं उत्तर बाजारात मिळत नाही. ते आपल्या आदेशातच मिळू शकतं.

आपल्यापुढे मांडलेल्या कागदांत हे सगळं असेलच, पण हे खुलं पत्र आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडं मागून सांगते. आम्ही शिकवत होतो तेव्हा रात्रीची वीज स्वस्त, हे पाठच असायचं. औष्णिक केंद्राचा बॉयलर संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही. रात्री कारखाने आणि घरं झोपली तरी तो मंद चालूच ठेवावा लागतो, मग त्या विजेचं करायचं काय? घाटघरचा उदंचन प्रकल्प याच हिशेबावर उभा राहिला. रात्री स्वस्त विजेने खालच्या जलाशयातलं पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून 250 मेगावॉट वीज घ्यायची. मी विद्यार्थ्यांना तिथे सहलीला नेलं आहे. डोंगराच्या पोटातलं ते वीजघर पाहून मुलं गप्प व्हायची.

गेल्या दहा वर्षांत हे घड्याळ फिरलं. आता दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य मावळला की तुटवडा पडतो. वीज विनिमय बाजारात मे महिन्यातल्या दुपारी दर कोसळतात, 2025 च्या मे मध्ये एका रविवारी तर काही वेळ ते शून्याजवळ आले होते. तोच बाजार संध्याकाळी युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. जून 2023 मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली आणि सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान 20 टक्क्यांनी कमी ठेवायला सांगितलं. आपल्या आयोगानेही सकाळी 9 ते संध्याकाळी 5 हे सौर तास मानून दर ठरवण्याची दिशा धरली. सप्टेंबर 2024 मधल्या केंद्राच्या चार्जिंगविषयक मार्गदर्शक सूचना तर आणखी स्पष्ट आहेत. चार्जिंग स्टेशनला सौर तासांत सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट दर, आणि बाकीच्या वेळी 1.3 पट.

धोरण म्हणून हे योग्य आहे, माझा त्याला विरोध नाही. ज्याची गाडी दिवसभर ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते त्याने ती तिथेच दुपारी भरावी. त्याहून सरळ काही नाही, आणि आयटी पार्कांमध्ये, महाविद्यालयांत, सरकारी कचेऱ्यांत चार्जर लावायला जेवढी मदत करता येईल तेवढी करावी. पण ज्या आठ तासांत वीज स्वस्त, नेमक्या त्याच आठ तासांत आमचा दूधवाला मुलगा रस्त्यावर असतो. पिंक ई-रिक्षा चालवणाऱ्या बायका तेव्हा रस्त्यावर असतात, टेम्पोवाले असतात, बस असतात. गाडी ज्यांच्या पोटापाण्याचं साधन आहे त्यांच्या गाड्या दिवसा फिरतात आणि रात्री विसावतात. ज्यांची गाडी दिवसा उभी राहते त्यांना सवलत मिळते, आणि जिची चाकं फिरल्याशिवाय घरात चूल पेटत नाही तिच्या वाट्याला महाग वेळ येते. हे कोणी मुद्दाम केलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण होतं आहे ते असं.

आता त्या रात्रीच्या विजेविषयी.

रात्री साडेअकराला मी आमच्या पार्किंगमध्ये उतरते तेव्हा चार्जरचे हिरवे दिवे लुकलुकत असतात. धूर नाही, आवाज नाही. त्या क्षणी ती वीज कुठून येते? कोयनेतून थोडी, वाऱ्यावरची थोडी, अणुवीज थोडी. बाकीचा मोठा वाटा कोळशाचा. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी. एकट्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होतं. माझी एक विद्यार्थिनी तिथली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर घातलेल्या गाद्या सकाळी झटकल्या की राखेचा थर निघतो, असं ती सांगायची. पुण्यातल्या गाड्यांचा धूर आपण बंद करतो आहोत असं वाटताना त्यातला काही आपण चंद्रपूरच्या गच्च्यांवर पाठवतो आहोत, हे मला रात्री त्या हिरव्या दिव्यांकडे पाहताना विसरता येत नाही. विजेवरची गाडी कोळशाच्या विजेवर चालली तरी पेट्रोलच्या गाडीपेक्षा शहराच्या हवेला बरी, यात शंका नाही. पण दुपारी राज्यभर सौर वीज वाया जाण्याच्या बेतात असताना रात्री आपण कोळसाच जाळत राहावं, याला काही कारण उरलेलं नाही.

पुण्याच्या कुठल्याही माणसाला हा प्रश्न पाण्याच्या भाषेत सांगितला की लगेच कळतो. महापालिकेचं पाणी सकाळी दोन-तीन तास येतं. म्हणून कोणी सगळ्या सोसायटीला त्या तीन तासांतच आंघोळी उरकायला सांगत नाही. खाली हौद असतो, वर टाकी असते. पाणी येतं तेव्हा भरतात आणि लागेल तेव्हा वापरतात. विजेला आजवर अशी टाकी नव्हती. घाटघरसारखी होती, पण ती डोंगर आणि दरी असेल तिथेच बांधता येते आणि बांधायला वर्षं लागतात. आता लिथियमची टाकी आली आहे. ती कोपऱ्यावरच्या उपकेंद्राच्या आवारात बसते आणि काही महिन्यांत उभी राहते.

किमतीचं सांगते, कारण आयोगापुढे शेवटी आकडेच बोलतात. 2022 मध्ये केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाने 500 मेगावॉट / 1,000 मेगावॉट-तास साठवणुकीचा लिलाव केला, तेव्हा भाडं निघालं मेगावॉटला दरमहा सुमारे 10.8 लाख रुपये. पुढच्या तीन वर्षांत वेगवेगळ्या राज्यांच्या लिलावांत हेच भाडं अडीच लाखांच्या खाली आलं. त्यातल्या काहींना केंद्राचं अनुदान होतं, हे सांगायला हवं. एक मेगावॉटला दोन तासांची साठवण म्हणजे 2,000 युनिटं. ती दिवसातून एकदाच भरून रिकामी केली असं धरलं, तर 10.8 लाखांच्या भाड्याने युनिटमागे 18 रुपये नुसत्या साठवणुकीला पडत होते. सव्वादोन लाखांच्या भाड्याने पावणेचार पडतात. दिवसातून दोनदा वापरली तर त्याच्या निम्मे. 18 रुपयांना मी स्वतःच आपल्याला पत्र लिहिलं नसतं.

आता वरचे केंद्राचे गुणक लावून पाहू. सोयीसाठी सरासरी पुरवठा खर्च 8 रुपये धरते. हा माझा धरलेला आकडा आहे, आपल्या आदेशातला नाही. सौर तासांत युनिट 5 रुपये 60 पैशांना, रात्री 10 रुपये 40 पैशांना. बॅटरीत घातलेलं सगळं परत मिळत नाही. भरताना, काढताना, थंड ठेवताना मिळून शंभरातली तेरा-पंधरा युनिटं जातात. म्हणजे रात्री हातात आलेलं युनिट साधारण साडेसहा रुपयांचं झालं. त्यात साठवणुकीचे पावणेचार मिळवले की सव्वादहा. रात्रीच्या 10 रुपये 40 पैशांच्या जवळजवळ बरोबरीला. हे गणित काठावर बसतं आहे, आणि काठावर असल्यामुळेच ते आपल्या हातात आहे. त्याच युनिटावर वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून वाहून आणण्याचा आकार, दोनदा लागला, बॅटरीत जाताना एकदा आणि गाडीत जाताना पुन्हा, तर ते बुडतं. एकदाच लागला आणि तीच बॅटरी संध्याकाळच्या चढत्या मागणीलाही थोडी वापरता आली, तर ते तरतं.

आमच्याच सोसायटीचं उदाहरण देते, कारण त्यात आमच्या चुकाही आहेत. 64 घरं, 11 विजेच्या गाड्या, 23 स्कूटर. सुरुवातीला जो तो आल्या आल्या प्लग लावायचा. कारचा साधा चार्जर 3.3 किलोवॉटचा, स्कूटरचा पाऊण किलोवॉटच्या आसपास. सगळे एकदम लागले की पन्नास किलोवॉट. मीटर रूममधला मुख्य स्विच दोन-तीनदा पडला, लिफ्ट बंद झाली, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढावा लागला. सर्वसाधारण सभेत मोठा वाद झाला. भार वाढवून घ्या, नवं रोहित्र बसवा, त्यासाठी वर्गणी काढा, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी ती का द्यावी, असं सगळं. एका विक्रेत्याने याच सुमारास मोठी बॅटरी घ्यायला सुचवलं आणि ती पंचवीस वर्षं शंभर टक्के क्षमतेने चालेल असं छातीठोकपणे सांगितलं. सभासद भुलले होते. ती अशी चालत नाही, हे मला उभं राहून सांगावं लागलं.

मग मी एका महिन्याचे मीटरचे आकडे मांडले. कार दिवसाला चाळीसेक किलोमीटर फिरते, तेवढ्याला सहा युनिटं पुरतात. स्कूटरला एक. सगळ्यांची मिळून रात्रीची 90 युनिटं. रात्री 11 ते सकाळी 6 या सात तासांत ती वाटली तर भार होतो 13 किलोवॉट. पन्नास नव्हे, तेरा. गावाकडे कालव्याच्या पाण्याला पाळ्या असतात तशा आम्ही पाळ्या लावल्या, नंतर वेळ लावता येणारे स्विच बसवले, आणि नव्या रोहित्राची गरजच उरली नाही. म्हणून आपल्यापुढे बॅटरीची बाजू मांडताना आधी हे सांगते. आधी पाळी, मग टाकी. पाळी न लावता कोणी बॅटरीला सवलत मागत असेल तर ती देऊ नये.

पण पाळीने भार आटोपला, वेळ बदलली नाही. आमच्या गच्चीवर 30 किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत. वर्षाच्या सरासरीने ते दिवसाला 120 युनिटं देतात. पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या 90 खातात. म्हणजे आमच्या गाड्यांना पुरून उरेल इतकं ऊन आमच्याच डोक्यावर पडतं, आणि तरी गाड्या रात्री कोळशावर चालतात. दुपारची युनिटं जाळ्यात द्यायची आणि रात्री जाळ्यातून घ्यायची, या देवाणघेवाणीला आजवर नेट मीटरिंगने सांभाळलं. ते कायम असंच चालणार नाही, कारण दुपारच्या युनिटाची किंमत आणि रात्रीच्या युनिटाची किंमत आता एक राहिलेली नाही. 2025 च्या दरयाचिकेवरच्या सुनावण्यांत गच्चीवर सौर बसवलेल्या अनेकांनी याच मुद्द्यावर हरकती घेतल्या. त्यांचा राग मला समजतो, त्यांनी शब्दावर विसंबून पैसे घातले होते. तरी माझं मत असं की दुपारचं युनिट रात्रीच्या युनिटाइतकं मोलाचं मानण्याचा आग्रह धरण्यापेक्षा ते रात्रीपर्यंत पोचवण्याची सोय मागावी.

ही सोय प्रत्येक सोसायटीने आपापली करावी का? मला तसं वाटत नाही. शंभर युनिटांची बॅटरी म्हणजे दोन लोखंडी कपाटांएवढी जागा, टनभर वजन, थंडाव्याची व्यवस्था, आगीचा बंदोबस्त, आणि तिच्याकडे कळून पाहणारं माणूस. आमच्याकडे मी आहे, उद्या मी नसेन. शिवाय लहान बॅटरी युनिटमागे महाग पडते. वर सांगितलेले स्वस्त दर मोठ्या लिलावांचे आहेत, सोसायटीच्या दारात ते मिळत नाहीत. आणि सोसायटीने बॅटरी बसवली तर ती सोसायटीतल्यांनाच. दूधवाल्या मुलाच्या वस्तीत ना गच्ची, ना पार्किंग, ना सर्वसाधारण सभा.

टाकी वॉर्डाची असावी. त्या भागाला वीज देणाऱ्या उपकेंद्राच्या आवारात. दुपारी त्या भागातल्या गच्च्यांवरचं आणि राज्यातल्या सौर वाहिन्यांवरचं ऊन तिच्यात भरावं, रात्री त्याच भागातल्या गाड्यांना द्यावं. दिल्लीत किलोकरीला 2025 मध्ये 20 मेगावॉट / 40 मेगावॉट-तासांची बॅटरी वितरण कंपनीच्या उपकेंद्राशी जोडून सुरू झाली, दिल्लीच्या नियामक आयोगाच्या मंजुरीने. म्हणजे हे कागदावरचं राहिलेलं नाही. आणि कायद्याची वाटही मोकळी आहे. डिसेंबर 2022 च्या वीज नियमांनी साठवणूक हा वीज यंत्रणेचा भाग मानला आणि साठवणुकीची जागा भाड्याने देण्याची मुभा दिली. धान्याच्या गोदामात शेतकरी जसा दहा पोती ठेवायला जागा घेतो, तशी एखाद्या रिक्षावालीला रोजची पाच युनिटांची जागा घेता यायला हवी. तिच्या बिलावर ते असं दिसावं: दुपारी तुमच्या नावे इतकी युनिटं भरली, इतकी रात्री काढली, दर सौर तासांचा, वर साठवणुकीचं भाडं इतकं. वीज कायदा 2003 च्या कलम 62(3) मध्ये विजेच्या वेळेनुसार आणि वापराच्या हेतूनुसार दर वेगळा ठेवायला जागा आहे. 2018 मध्ये केंद्राने चार्जिंग म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, असा खुलासा केला, तेव्हा एका परिपत्रकाने परवान्याचा केवढा गुंता सुटला होता. साठवणुकीच्या बाबतीत तेवढाच स्पष्ट शब्द आज आपल्याकडून हवा आहे.

आगीची भीती मी बाजूला सारत नाही. मार्च 2022 मध्ये पुण्यातच लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या स्कूटरने पेट घेतला, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर बॅटरीचं मानक कडक करण्यात आलं. जानेवारी 2025 मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला प्रचंड मोठ्या साठवण केंद्राला आग लागली आणि आसपासच्या लोकांना घरं सोडावी लागली. तिथल्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या होत्या, आणि जुन्या वीजकेंद्राच्या बंद इमारतीत एकावर एक रचलेल्या होत्या. या जातीच्या बॅटरीत तापल्यावर आतूनच प्राणवायू सुटतो, म्हणून आग विझता विझत नाही. दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिच्यात प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सहजासहजी सुटत नाही. ती जड असते आणि जागा जास्त घेते, म्हणून लांब पल्ल्याच्या गाडीला थोडी गैरसोयीची, पण जमिनीवर एका जागी बसणाऱ्या टाकीला वजनाचं काय? या रसायनावरच्या 1997 च्या मूळ शोधनिबंधावर पहिलं नाव अक्षय पाढी या भारतीय शास्त्रज्ञाचं आहे. जॉन गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या प्रयोगशाळेत ते काम झालं आणि गुडइनफ यांना पुढे, 2019 मध्ये, नोबेल मिळालं. पाढींचं नाव आमच्या पाठ्यपुस्तकांत नाही, हे मला नेहमी खटकतं.

तरी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरीसुद्धा बिघडू शकते, तिच्यातून ज्वलनशील वायू निघू शकतो. म्हणून आयोगाने मंजुरी देताना अट घालावी: तळघरात नाही, इमारतीत नाही, उघड्यावर, कंटेनरांमध्ये अंतर राखून, अग्निशमन दलाला आतली रचना आधी दाखवून. उष्म्याचाही विचार हवा. अकोला-चंद्रपूरच्या 45 अंशांत बॅटरी लवकर म्हातारी होते आणि तिला गार ठेवायला जास्त वीज लागते. पुण्यात जे गणित काठावर बसतं ते विदर्भात बसेलच असं नाही, तिथे भाडं वेगळं धरावं लागेल. लिथियम आपल्याकडे पिकत नाही, बहुतेक सेल चीनमधून येतात, आणि आयुष्य संपल्यावर 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या उत्पादकाने परत घ्यायच्या आहेत. प्रत्येक करारात ही परत घेण्याची तरतूद आधी वाचली जावी, एवढंच म्हणते.

आता सुरुवात कुठून करावी, त्याविषयी. एसटीबद्दल थोडं जास्त बोलते, कारण मला तिथे सर्वात मोठी आशा दिसते. 1 जून 1948 ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. 1 जून 2022 ला त्याच मार्गावर विजेवरची शिवाई धावली. लहानपणी सुट्टीत आम्ही नगरला मामाकडे त्याच रस्त्याने जायचो, डिझेलच्या वासाने मळमळत. अशा हजारो बस आता भाडेतत्त्वावर येणार आहेत. त्या दिवसभर धावणार आणि रात्री आगारात येणार. पन्नास बसचं आगार धरा. एकेका बसला रात्री 200 युनिटं लागली तर 10,000 युनिटं, आणि तीही पाच-सहा तासांत. हा एखाद्या मध्यम कारखान्याचा भार आहे, तोही नेमका सौर नसलेल्या वेळी. वीस फुटी कंटेनरमध्ये आता 5,000 युनिटांच्या आसपास साठवण मावते. म्हणजे आगाराच्या एका कोपऱ्यात दोन-तीन कंटेनर. आगाराला कार्यशाळेचं छप्पर असतं, मोकळं आवार असतं, चोवीस तास माणसं असतात, आणि दुपारी काही बस तासभर थांबतात तेव्हा त्या थेट उन्हावर भरता येतात. सोसायट्यांच्या गुंत्यात शिरण्याआधी पुण्यातली पीएमपीची भेकराईनगरसारखी आगारं आणि एसटीची दोन-चार आगारं घेऊन सुरुवात केली, तर वर्षभरात आपल्याकडे खरे आकडे येतील. आणि उरलेली साठवण आगाराशेजारच्या वस्तीला रात्री चार्जिंगसाठी देता येईल. स्वारगेट घ्या, हडपसर घ्या, आगारांभोवती रिक्षा आणि टेम्पोवाल्यांची घरं आहेतच.

आपल्या आयोगाने याआधी असं धाडस केलेलं आहे, हे मला आवर्जून आठवण करून द्यायचं आहे. 2006 साल. राज्यभर भारनियमन. घराघरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं वेळापत्रक असायचं. तेव्हा पुण्यातल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवून शहराची तूट भरून काढायची आणि त्याचा जादा खर्च शहराने विश्वासार्हता आकार म्हणून सोसायचा, असा प्रस्ताव आला. लोक म्हणाले, कारखान्याच्या जनरेटरची वीज आणि घरच्या बिलावर आकार? आयोगाने सुनावणी घेतली, पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या ग्राहक प्रतिनिधींचं ऐकलं, हिशेब तपासला आणि मंजुरी दिली. कमी वापराच्या घरगुती ग्राहकांना त्या आकारातून वगळलं. त्या उन्हाळ्यानंतर पुण्याचं भारनियमन थांबलं. ‘पुणे मॉडेल’ असं त्याचं नाव पडलं. त्यातली मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे गरिबाच्या बिलाचा विचार आदेशातच झाला होता, मागाहून मलमपट्टी म्हणून नव्हे.

तसाच आदेश आता साठवणुकीसाठी हवा. वॉर्डाच्या टाकीतली पहिली जागा महिन्याला कमी युनिटं वापरणाऱ्यांना आणि गाडीवर पोट असणाऱ्यांना, त्यानंतर आमच्यासारख्या सोसायट्यांना. सौर तासांत भरलेलं युनिट रात्री काढलं तरी त्याला दर सौर तासांचाच, आणि वहन आकार एकदाच. मीटर घरमालकाच्या नावावर असला तरी भाडेकरूला स्वतःच्या नावाने जागा घेता यावी, नाहीतर ही सगळी योजना घर असलेल्यांची होईल. आणि प्रत्येक उपकेंद्राची तासातासाची मागणी लोकांना पाहता यावी. आमच्या एका सोसायटीत महिन्याभराचे आकडे भिंतीवर लावले आणि भांडण मिटलं. शहराचे आकडे शहरासमोर आले तर कुठल्या भागात नुसत्या पाळ्यांनी भागतं आणि कुठे खरंच टाकी लागते, हे सांगायला सल्लागार लागणार नाही.

पुढच्या जनसुनावणीत मी हे सगळं तोंडी मांडणार आहे. आमच्या मीटरचे बारा महिन्यांचे तासातासाचे आकडे, गच्चीवरच्या उत्पादनाची नोंद आणि पाळ्यांचं वेळापत्रक या पत्रासोबत जोडलं आहे. दूधवाल्या मुलाने आपल्या वहीतून तीन महिन्यांचा हिशेब उतरवून दिला आहे: रोज किती किलोमीटर, रात्री किती वाजता प्लग लावला, घरमालकाला विजेचे किती दिले. त्याचं अक्षर लहान आहे, पण आकडे स्वच्छ आहेत. ते पान सर्वात वर ठेवलं आहे.

आपली नम्र,
एक वीजग्राहक, पुणे